घरगुती ओतकाम आणि वर्ध्याची कसोटी

ध्वनिवर्धकाची पेटी उघडून पाहिली, तर वरच्या अंगास काचेचे व्हॉल्व्ह दिसतात, जाडजूड ट्रान्सफॉर्मर दिसतात आणि खालच्या अंगास तारांचें जाळें दिसतें. ज्या धातूच्या बैठकीवर हा सारा संसार उभा असतो, तिच्याकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. कारागीर तिला चॅसी म्हणतात. अशा बैठका कारखान्यांत पत्रा वांकवून हजारोंनीं तयार होतात व बाजारांत सहज मिळतात. तरीहि स्वतःचा ध्वनिवर्धक स्वतः जुळविणारे कित्येक हौशी लोक ही बैठक घरच्या अंगणांत भट्टी पेटवून, अॅल्युमिनियमचा रस करून, वाळूच्या साच्यांत ओतून काढतात. बाजारांत मिळणाऱ्या वस्तूसाठीं एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणासहि पडेल. वरवर पाहतां हा एका छंदाचा प्रश्न आहे. पण घरीं काय घडवावें, कारखान्यावर काय सोंपवावें आणि यंत्र बिघडलें तर तें कोणीं दुरुस्त करावें, हेच प्रश्न गेल्या शतकांत विदर्भांतील एका जिल्ह्यानें साऱ्या यंत्रांसंबंधीं विचारले होते. तो जिल्हा म्हणजे वर्धा. त्याच्या कसोटीवर हें घरगुती ओतकाम लावून पाहिलें, तर त्यांत छंदापेक्षां पुष्कळ अधिक कांहीं सांपडतें.

धातु घरीं ओतणें ही महाराष्ट्रास नवी गोष्ट नाहीं. तांबट ठोकतो आणि ओतारी ओततो, हा भेद आपल्या गांवगाड्यांत शतकानुशतकें चालत आला. तांबटानें पत्र्यावर हातोडा चालवून हंडे-घागरी घडवाव्या. ओताऱ्यानें मेणाची आकृति करून, तीवर माती लिंपून, मेण वितळवून काढून टाकावें आणि मोकळ्या झालेल्या पोकळींत पितळ किंवा कांसें ओतून बैलांच्या गळ्यांतील घंटा, देवघरांतील मूर्ति आणि पायांतील जोडवीं काढावीं. विदर्भांत भंडारा तर पितळी भांड्यांसाठीं दूरवर प्रसिद्ध होतें. ओताऱ्याचा कारखाना म्हणजे त्याचें राहतें घर. अंगणांत भट्टी, तिला भाता, भट्टींत मूस, आणि भात्यावर बसायला घरांतलेंच कोणी तरी. ध्वनिवर्धकाच्या बैठकीलाहि हेच दोन मार्ग आहेत. पत्रा वांकवून ती करणें हा तांबटाचा मार्ग, ओतून काढणें हा ओताऱ्याचा.

ओताऱ्याच्या हातीं जें अॅल्युमिनियम फार उशिरां आलें, त्याची कथा मोठी चमत्कारिक आहे. पृथ्वीच्या कवचांत या धातूएवढा विपुल दुसरा धातु नाहीं; परंतु तो प्राणवायूशीं इतका घट्ट जखडलेला असतो कीं, १८२५ पर्यंत त्याचें दर्शनच कोणास झालें नव्हतें. त्यानंतरहि साठ वर्षें तो जवळजवळ रत्नासारखा मानला गेला. १८८४ सालीं अमेरिकेंत वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर शिखर बसवावयाचें होतें, तेव्हां सुमारें पावणेतीन किलो वजनाचा अॅल्युमिनियमचा ओतीव तुकडा हें मोठें अप्रूप समजलें गेलें. दोनच वर्षांनीं, १८८६ मध्यें, अमेरिकेंत हॉल आणि फ्रान्समध्यें हेरूल या दोघां तरुणांनीं, एकमेकांची वार्ताहि नसतां, विजेच्या प्रवाहानें हा धातु वेगळा करण्याची एकच रीत शोधून काढली. मग भाव असा कोसळला कीं, राजेरजवाड्यांचा हा धातु थोड्याच वर्षांत स्वयंपाकघरांत आला.

हिंदुस्थानांत तो आला मद्रासेच्या वाटेनें. तेथील कलाशाळेचे प्रमुख आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं १८९८ सालीं अॅल्युमिनियमचीं भांडीं करण्याचा विभाग सुरू केला. तांब्यापितळेच्या मानानें हीं भांडीं हलकीं, स्वस्त आणि कल्हईची कटकट नसलेलीं. गृहिणींस तीं सोयीचीं वाटलीं. पण ज्या कारागिरांचें पोट तांब्यापितळेवर आणि कल्हईवर चालत होतें, त्यांच्या धंद्यावर हा घाव होता. शिवाय मूळ धातु बाहेरून येत होता. आपल्या भूमीवर अॅल्युमिनियम प्रथम तयार झालें तें १९४३ मध्यें, त्रावणकोर संस्थानांतील अलवाये येथें, आणि त्यासाठींहि लागणारी शुद्ध केलेली भुकटी परदेशांतूनच आणावी लागली. पुढच्याच वर्षीं आसनसोलजवळ दुसरा कारखाना चालू झाला. म्हणजे ज्या काळांत वर्ध्यास ग्रामोद्योगांची चर्चा भरांत होती, त्याच काळांत हा नवा धातु घरोघर पोंचला होता. त्याचें उगमस्थान मात्र कोणाच्याच आवांक्यांत नव्हतें.

दुसऱ्या बाजूनें रेडिओचा छंद वाढत होता. १९२४ च्या सुमारास मुंबईंत हौशी लोकांच्या रेडिओ क्लबानें लहानसें प्रक्षेपण सुरू केलें. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईंत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. ती कंपनी १९३० मध्यें बुडाली. सरकारनें कारभार हातीं घेतला आणि १९३६ मध्यें ऑल इंडिया रेडिओ हें नांव रूढ झालें. वर्ध्यापासून पंचेचाळीस-पन्नास मैलांवर असलेल्या नागपुरास केंद्र मिळालें तें १६ जुलै १९४८ रोजीं. तोंवर दूरच्या केंद्रांचा क्षीण आवाज पकडून तो मोठा करणें हेंच ऐकणारांचें कसब होतें. सभांतूनहि ध्वनिवर्धक दिसूं लागला होता. काँग्रेसच्या अधिवेशनांच्या छायाचित्रांत वक्त्यांपुढील ध्वनिग्राहकावर ‘शिकागो रेडिओ’ हीं अक्षरें वारंवार दिसतात. मोटवानी कुटुंबाच्या या व्यवसायानें त्या चळवळीस आवाज पुरविला. गांधीजींचा आवाज मृदु. लाखांच्या समुदायास तो ऐकूं जावा, यांत या यंत्राचा वांटा थोडा नाहीं.

घरीं जुळविलेल्या यंत्राचें मोल किती असूं शकतें, हें १९४२ नें दाखविलें. त्या वर्षीं १४ जुलै रोजीं काँग्रेसच्या कार्यकारिणीनें वर्ध्यास ब्रिटिश सत्तेनें हिंदुस्थान सोडावा असा ठराव केला. ऑगस्टमध्यें मुंबईंत त्यावर शिक्कामोर्तब झालें. आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे पुढारी तुरुंगांत गेले. वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधलेल्या. महायुद्ध सुरू होतांच हौशी प्रक्षेपकांचे परवाने सरकारनें काढून घेतलेले. अशा वेळीं उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. त्याचा प्रक्षेपक नरिमन प्रिंटर या जाणकारानें जुळविला होता. २७ ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, जागा बदलीत बदलीत, तो बोलत राहिला. वर्ध्यास उच्चारलेला शब्द कोण्या कारखान्याच्या कृपेवांचून आकाशांत जाऊं शकला, याचें कारण एवढेंच कीं, यंत्राचें अंतरंग जाणणारे हात शहरांत तयार होते.

युद्धानंतर या छंदास नवा बहर आला. १९४७ सालीं इंग्लंडांतील ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकांत विल्यमसन यांनीं आपल्या ध्वनिवर्धकाची समग्र कृति छापली. पंधरा वॅटचा निर्गम असून आवाजांतील विकृति शेंकडा एक दशांशाहून कमी. आणि ही किमया कोणाहि चिकाटीच्या माणसास घरीं साधेल अशी. जगभर हौशी लोक तो बांधूं लागले. पण त्याचे ट्रान्सफॉर्मर वजनदार. पातळ पत्र्याची बैठक त्यांच्या भारानें वांके, कंप पावे. त्या कंपाचा व्हॉल्व्हच्या आंतील नाजूक तारांस संसर्ग झाला कीं आवाजांत घुमारा येई. येथें ओतीव अॅल्युमिनियमचे गुण उपयोगी पडतात. लोखंडाच्या मानानें त्याचें वजन जवळजवळ एक तृतीयांश. तें चुंबकाकडे ओढलें जात नाहीं. वीज व उष्णता दोन्ही उत्तम वाहून नेतें. जाड ओतीव बैठक ताठ राहते, बाहेरच्या विजेचा गुणगुणाट अडविते, आणि तापलेल्या भागांची ऊब आपल्या अंगावर पसरून घेते. ट्रान्झिस्टर आल्यावर तर हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा ठरला. मोठे उत्पादकहि याच वाटेनें गेले. १९५४ सालीं निघालेल्या गॅरर्ड ३०१ या तबकडी फिरविणाऱ्या नामांकित यंत्राची बैठक ओतीव अॅल्युमिनियमचीच होती.

अॅल्युमिनियम घरीं ओततां येतें याचें मुख्य कारण त्याच्या वितळण्यांत आहे. लोखंडाच्या रसासाठीं सुमारें बाराशें अंश उष्णता लागते व तिच्यासाठीं उंच भट्टी हवी. तांबें १,०८५ अंशांवर वितळतें, पितळ सुमारें नऊशें अंशांवर. अॅल्युमिनियम मात्र ६६० अंशांवरच पातळ होतें. पत्र्याच्या डब्यास आंतून भाजक्या मातीचें जाड अस्तर द्यावें, कोळसा भरावा, लहान पंख्यानें वारा घालावा, एवढ्यावर काम भागतें. अमेरिकेंतील डेव्हिड गिंगेरी यांनीं १९८० नंतर अशीच कोळशाची भट्टी कशी करावी आणि भंगारांतील अॅल्युमिनियम ओतून घरीं लेथ कसा उभारावा, हें लहान लहान पुस्तकांतून शिकविलें. त्यांची रीत आणि आपल्या ओताऱ्याची रीत यांत वंशाचा भेद असेल, तत्त्वाचा नाहीं.

ओतण्याची क्रिया सांगायला सोपी, साधायला कठीण. प्रथम बैठकीचा लांकडी नमुना करावयाचा. रस थिजतांना आंखडतो, म्हणून नमुना इच्छित मापापेक्षां शंभरास सुमारें सव्वा इतका मोठा घ्यावा लागतो. नमुन्याच्या उभ्या बाजू किंचित् कलत्या ठेवाव्या लागतात, नाहीं तर वाळूंतून तो उचलतांना साचा ढांसळतो. आंतले कोपरे गोलसर करावे लागतात, कारण तीक्ष्ण कोपऱ्यांत थिजतां थिजतां तडा जातो. मग दोन भागांच्या चौकटींत, चिकणमाती मिसळलेली, मुठींत दाबली असतां गोळा राहील इतपत ओलसर वाळू नमुन्याभोंवतीं ठासावयाची. दोन भाग एकमेकांस चिकटूं नयेत म्हणून मध्यें शंखजिऱ्याची पूड भुरभुरावयाची. चौकट उघडून नमुना काढला कीं साचा तयार. त्यास एक वाट रस आंत जाण्यासाठीं आणि दुसरी वर चढण्यासाठीं. ही दुसरी वाट फार महत्त्वाची. थिजतांना रसाचें आकारमान शेंकडा सहा-सातांनीं कमी होतें, तेव्हां आंत पडणारी तूट या वाटेंत सांठलेल्या रसानें भरून निघते. ती नसेल तर बैठकीच्या मधोमध खड्डा पडतो.

या धातूचे दोष नवशिक्यास फसवितात. पितळेचा किंवा लोखंडाचा रस आपल्या तेजानेंच सावध करतो. अॅल्युमिनियमचा रस उन्हांत थंड चांदीसारखा दिसतो आणि तरीहि हाडापर्यंत भाजतो. तो ओलाव्याचा वैरी आहे. थेंबभर पाण्यावर रस पडला तर क्षणांत वाफ होऊन धातु उसळतो. म्हणून भट्टीभोंवतीं कोरडी वाळू पसरावी लागते, मुशींत टाकावयाचा प्रत्येक तुकडा आधीं शेकून घ्यावा लागतो, आणि पायांत जाड चामडी बूट व डोळ्यांवर आवरण घातल्याखेरीज मुशीस हात लावणें वेडेपणा ठरतो. ओलाव्यांतून सुटलेला हायड्रोजन वायु रसांत मुरतो व थिजतांना बुडबुड्यांच्या रूपानें बैठकीस चाळणीसारखी करून टाकतो. कोणतें भंगार घ्यावें, यांतहि ज्ञान लागतें. घरांतील जुनें पातेलें बहुधा जवळजवळ शुद्ध धातूचें असतें; त्याचा रस साच्याच्या कोनाकोपऱ्यांत नीट धांवत नाहीं. उलट मोटारीच्या इंजिनांतील जुने दट्टे एकदां ओतलेलेच असतात. त्यांत सिलिकॉन मिसळलेलें असल्यानें तो रस पातळ वाहतो. मॅग्नेशियमचा तुकडा चुकून आला तर तो पेट घेतो आणि पाण्यानें विझत नाहीं. म्हणून ओळख पटल्याखेरीज भंगार भट्टींत जातां कामा नये.

आतां वर्ध्याच्या कसोटीकडे वळावें. १९२९ सालीं अखिल भारतीय चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. अटी विचार करण्याजोग्या होत्या. यंत्र हलकें असावें, झोंपडींत हातानें वा पायानें चालावें, बाईमाणसाला आठ तास फारसे श्रम न होतां चालवितां यावें, आठ तासांत सोळा हजार फूट सूत निघावें, किंमत दीडशें रुपयांच्या वर जाऊं नये, तें देशांतच तयार व्हावें, वीस वर्षें टिकावें आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किंमतीच्या शेंकडा पांचांहून अधिक नसावा. वेग मागणारे पुष्कळ असतात. दुरुस्तीचा खर्च आधींच बांधून देणारी अट विरळा. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यांत घडलेलें काळे यांचें यंत्र या स्पर्धेंत उतरलें होतें. लोखंडी नांगर ओतून ज्यांनीं महाराष्ट्रांत नांव कमावलें, त्यांच्याच ओतशाळेचें पाठबळ त्यास होतें. तरी बक्षीस त्यासहि मिळालें नाहीं, कोणासच मिळालें नाहीं. सूत काढणें एक आणि सूत काढणाऱ्याच्या हातांत आपली दुरुस्ती ठेवणें दुसरें, ही अडचण तेव्हां सुटली नाहीं.

पुढें १९३४ च्या अखेरीस अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनीं वर्ध्यास आपली बाग व वाडा दिला आणि मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ त्यास मगनवाडी हें नांव पडलें. जे. सी. कुमारप्पा तेथें कार्यवाह होते. ३० डिसेंबर १९३८ रोजीं गांधीजींच्या हस्तें मगन संग्रहालय उघडलें. तें आजहि वर्ध्यास उभें आहे. रॉकेलाऐवजीं वनस्पतीच्या तेलावर जळणारा मगनदीप याच परिसरांत निघाला. त्यामागें कुमारप्पांचा एक मूलगामी विचार होता. मनुष्य कांहीं वस्तु सांठ्यांतून घेतो, जसें खनिज तेल, कोळसा व धातु. आणि कांहीं वस्तु वाहत्या प्रवाहांतून घेतो, जसें धान्य, लांकूड, वाऱ्याचें व पाण्याचें बळ. सांठा उपसला कीं संपतो, आणि संपत आलेल्या सांठ्यासाठीं राष्ट्रें भांडतात. प्रवाह दरसाल भरून येतो.

या दृष्टीनें पाहतां घरीं ओतलेली अॅल्युमिनियमची बैठक परीक्षेंत अर्धीच उतरते. खनिजापासून एक किलो धातु काढावयाचा म्हणजे सुमारें चौदा युनिट वीज लागते. तें काम घरीं होणें नाहीं. त्यास धरण हवें, विजेचें केंद्र हवें, प्रचंड कुंडांच्या रांगा हव्या. हा सांठ्याचा व्यवहार झाला, आणि घरगुती ओतकामाची स्तुति करतांना तो लपवितां येत नाहीं. परंतु एकदां तयार झालेला धातु पुन्हां वितळविण्यास मूळ श्रमाचा विसावा हिस्साहि पुरतो, आणि अशा पुनर्जन्मांनीं त्याचा गुण फारसा उणा होत नाहीं. मोडकें इंजिन ध्वनिवर्धकाची बैठक होतें. ती बैठक उद्यां दुसरें कांहीं होईल. सांठ्यांतून एकदां उचललेली वस्तु येथें प्रवाहासारखी फिरूं लागते. कारखाना आणि भट्टी यांत वैर नसून कामाची वांटणी आहे, असें म्हणतां येईल. गांधीजींनीं स्वतः असा विवेक केला होता. १९२४ सालीं दिल्लीस झालेल्या व महादेवभाई देसाईंनीं नोंदून ठेवलेल्या संभाषणांत त्यांनीं सिंगरच्या शिवणयंत्रास अपवाद मानलें. आणि तें यंत्र करावयास कारखाना लागेल हें कबूल करून, असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे असावेत असें सुचविलें.

कसोटीची दुसरी बाजू माणसाची. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास भरलेल्या शिक्षण-परिषदेंतून आणि त्यानंतर झाकिर हुसेन यांच्या समितीच्या अहवालांतून नई तालीम उदयास आली. हस्तव्यवसाय हा शिक्षणाचा एक विषय न राहतां सारें शिक्षण त्याच्या द्वारा व्हावें, हें तिचें सूत्र. तिनें प्रामुख्यानें सूत, लांकूड व शेती हे व्यवसाय योजिले. परंतु ते सूत्र धातूच्या कामांत किती नेमकें खरें ठरतें पाहा. साच्याचें माप वाढवितांना मुलगा आंखडणें शिकतो. वाळूंतील ओल मोजतांना वाफेचें बळ शिकतो. बैठक चाळणीसारखी निघाली तर वायु द्रवांत कसा मुरतो हें शिकतो. आणि तिच्यावर तारा जोडतांना, चारशें व्होल्टच्या दाबाशीं गांठ असल्यामुळें, जमिनीशीं जोडणी कां करावी हें जिवाच्या किंमतीनें समजतो. पुस्तकांत हीं चार प्रकरणें असतात. भट्टीपुढें तें एकच काम असतें.

ओताऱ्याच्या घरांतून हें ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या होतें, पण त्यास शाळेंत आसन नव्हतें. शाळेंत पदार्थविज्ञान होतें, पण त्यास भट्टी नव्हती. शिकलेल्या घरांतील एखादा तरुण आपल्या ध्वनिवर्धकासाठीं मूस हातीं धरतो, तेव्हां ही ताटातूट थोडी कमी होते. आणि त्यानें आपल्या गांवच्या ओताऱ्यापाशीं बसून चार गोष्टी विचारल्या, तर अधिक कमी होईल. त्याची बैठक कारखान्याच्या बैठकीहून ओबडधोबड निघेल. चार ठिकाणीं कानस चालवावी लागेल, एखादी पुन्हां वितळवावीहि लागेल. पण ती कोठें जाड आहे, कोठें कच्ची आहे आणि मोडली तर कशी सांधावयाची, हें तिच्या मालकास ठाऊक असेल. एक लाखांचें बक्षीस लावून वर्ध्यानें यंत्राकडून मागितलें होतें तें एवढेंच.